मी जेवलो, म्हणजे कोमीऽ : स्पॅनिशचा नियमित भूतकाळ कोल्हापुरी कानानं शिकताना

कोल्हापुरातली मुलगी बाहेरून आली की दारातनंच आवाज देते, "आई, मी आलो गं." पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना ते ऐकून नवल वाटतं. पण आपल्याकडं पेठांपासून कसबा बावड्यापर्यंत पोरी 'मी आलो, मी गेलो, मी जेवलो' असंच बोलत मोठ्या होतात. मीही तशीच वाढले. स्पॅनिशचा भूतकाळ शिकवायची वेळ आली की पहिल्या दिवशी फळ्यावर मी हेच वाक्य लिहिते, कारण स्पॅनिशमध्ये 'जेवलो' आणि 'जेवले' असे दोन शब्द नाहीतच. बोलणारा पुरुष असो वा बाई, 'मी जेवलो'ला एकच शब्द आहे : कोमीऽ. प्रमाण मराठी बोलणाऱ्या मुलीला ही सवय नव्यानं लावून घ्यावी लागते. आपल्याकडच्या मुलीच्या तोंडी ती आधीपासूनच असते.

माझ्याकडं शिकायला येणाऱ्यांत शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतली माणसं आहेत, त्यांना मेक्सिकोच्या गिऱ्हाइकांना पत्रं लिहायची असतात. अर्जेंटिनाच्या खेळाडूंच्या मुलाखती थेट समजाव्यात म्हणून येणारी पोरं आहेत. परीक्षा द्यायची म्हणून येणारेही आहेत. प्रत्यय सगळ्यांचे दोन दिवसांत पाठ होतात. तरी वाक्य करायला बसलं की हात अडतो, आणि बहुतेकांचा एकाच जागी अडतो. ती जागा स्पॅनिशच्या व्याकरणात नसून आपल्या मराठीच्या सवयीत आहे. म्हणून या लेखात प्रत्ययांचा तक्ता थोडक्यात आटपेन आणि त्या जागेवर जास्त वेळ थांबेन.

आधी उच्चारांची खूण

इथं सगळे स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहिले आहेत. ज्या स्वरावर जोर द्यायचा त्याच्यापुढं अवग्रह (ऽ) आहे. तो तुमच्या वहीतही ठेवा, कारण या काळात जोराची जागा चुकली की अर्थच बदलतो. स्पॅनिशमधला सुटा एच हा नेहमी मुका असतो, सीला जोडून आला तरच दोघांचा मिळून 'च' होतो. बी आणि व्ही दोन्ही 'ब'च्याच आसपास उच्चारतात. दोन एल जोडून आले की 'य', पण ब्यूनोस आयर्सकडं त्याचा 'श' होतो. जेचा उच्चार घशातून येणारा 'ह'. झेड आणि मऊ सी हे लॅटिन अमेरिकेत 'स', तर स्पेनच्या बहुतेक भागात जीभ दातांत धरून थोडे 'थ'सारखे. त आणि द मात्र आपल्यासारखेच दंत्य आहेत. तिथं इंग्रजी वळणाचा ट-ड लावू नका, आपला 'तवा'तला त आणि 'दही'तला द सरळ वापरा.

कोणता भूतकाळ?

स्पॅनिशमध्ये भूतकाळ एकापेक्षा जास्त आहेत. आपण बघतोय तो घडून संपलेल्या क्रियेचा, ज्याला प्रेतेऽरितो इंदेफिनीऽदो म्हणतात. तो कधी वापरायचा हे मराठी माणसाला बऱ्यापैकी आपोआप कळतं, कारण आपल्या भाषेत तो भेद आहेच. 'मी बोललो' म्हटलं तर हा काळ : आब्लेऽ. 'मी बोलत होतो' किंवा 'मी पूर्वी बोलायचो' म्हटलं तर दुसरा, अपूर्ण भूतकाळ : आब्लाऽबा. वाक्य आधी मराठीत म्हणा. क्रियापदाच्या शेवटी नुसता ला-ली-लं-लो आला तर हा लेख तुमच्या कामाचा. 'त होतो' किंवा 'यचो' आला तर थांबा.

ही कसोटी तीन ठिकाणी फसते. कोणी हाक मारली की आपण बसल्या जागेवरून "आलोच!" म्हणतो. त्यात आलेलो काहीच नसतो. तिथं स्पॅनिश माणूस वर्तमानकाळ वापरतो : या बोऽय, म्हणजे 'जातो'. दुसरं, "भूक लागली." भूक आत्ता लागलेली आहे, म्हणून स्पॅनिशमध्ये तेऽन्गो आऽम्ब्रे, 'मला भूक आहे', पुन्हा वर्तमानच. तिसरं, "बाळ झोपलंय." ही आत्ताची अवस्था आहे, संपलेली क्रिया नाही. मराठी ला-ली-लं मध्ये कधी कधी वर्तमानही दडलेला असतो. म्हणून स्वतःला विचारा, 'हे काल झालं असं म्हणता येईल का?' 'काल भूक लागली' म्हणायचं असेल तर गोष्ट वेगळी.

पहिली पायरी : शेपूट तोडा

स्पॅनिश क्रियापदाचं मूळ रूप शब्दकोशात आर, एर किंवा ईर या तीनपैकी एका शेवटानं दिलेलं असतं. आब्लाऽर म्हणजे बोलणे, कोमेऽर म्हणजे खाणे किंवा जेवणे, बिबीऽर म्हणजे राहणे, जगणे. शेवटची दोन रोमन अक्षरं तोडली की उरतं आब्ल्, कोम्, बिब्. हे झालं धातूचं अंग. मराठीत 'बोलणे'तला 'णे' काढून 'बोल' उरतो, तितकंच सोपं. कोणतं शेपूट तोडलं ते मात्र लक्षात ठेवा, कारण आरवाल्यांचे प्रत्यय वेगळे. एर आणि ईरवाल्यांचे प्रत्यय या काळात अगदी सारखे आहेत, म्हणजे पाठ करायचे संच दोनच.

दुसरी पायरी : 'काय?' विचारू नका, 'कोणी?' विचारा

ही ती अडणारी जागा. ही तीन मराठी वाक्यं बघा.

मी आंबा खाल्ला.
मी भाकरी खाल्ली.
मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

खाणारा 'मी'च आहे, पण क्रियापद तीनदा बदललं. ते माझ्याकडं बघतच नाही, आंब्याकडं आणि भाकरीकडं बघतं. याचं कारण जुनं आहे. आपलं 'खाल्ली' हे मुळात विशेषणासारखं रूप आहे, संस्कृतातल्या 'मया खादिता' या वळणाचं, म्हणजे 'माझ्याकडून खाल्ली गेलेली'. विशेषण असल्यामुळं ते खाल्लेल्या वस्तूचं लिंग आणि वचन घेतं. स्पॅनिशचा हा भूतकाळ लॅटिनच्या दुसऱ्या वाटेनं आला. तिथं करणाऱ्याची खूण थेट क्रियापदाच्या शेवटाला चिकटलेली होती आणि आजही चिकटलेली आहे. आंबा असो, भाकरी असो की दहा भाकऱ्या, मी खाल्लं म्हणजे कोमीऽ.

शिकणाऱ्यांच्या वहीत मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. 'मी दोन भाकऱ्या खाल्ल्या' याचं भाषांतर करताना हात आपोआप अनेकवचनी रूप लिहितो : कोमिएऽरोन. स्पॅनिश वाचणाऱ्याला त्याचा अर्थ 'त्यांनी खाल्लं' असा लागतो, आणि भाकऱ्या भलत्यांनीच खाल्ल्या असं होतं.

यावर मला सापडलेला सर्वात चांगला उपाय मराठीतच आहे. आपल्याकडंही काही सकर्मक क्रियापदं अशी आहेत जी वस्तूकडं न बघता करणाऱ्याकडं बघतात. 'मी चावी विसरलो' म्हणतो आपण, 'मी चावी विसरली' कोणी म्हणत नाही. तसंच मी भाषा शिकलो, मी पाणी प्यालो, मी मॅच जिंकलो, मी पैज हरलो. विसरणे, शिकणे, पिणे, जिंकणे, हरणे ही मराठीतली स्पॅनिश वळणाची क्रियापदं आहेत असं समजा. पहिला आठवडा फक्त यांच्यावरच सराव करा : ओल्बिदेऽ (मी विसरलो), आप्रेंदीऽ (मी शिकलो), बेबीऽ (मी प्यालो), गानेऽ (मी जिंकलो), पेर्दीऽ (मी हरलो). डोकं त्या वळणावर आलं की मग भाकरीकडं जा. कोमेऽर म्हटल्यावर मनात 'खाणे' न आणता 'जेवणे' आणलं तरी चूक निम्मी कमी होते, कारण 'मी जेवलो' हेही करणाऱ्याकडंच बघतं.

लिंगाचंही तसंच. 'तो निघाला' आणि 'ती निघाली' दोघांनाही सालियोऽ. कोण निघालं ते वाक्याच्या संदर्भावरून कळतं, नाही कळलं तर एल (तो) किंवा एऽया (ती) पुढं लावायचं.

आणखी एक सवय सोडावी लागते, ती आदराच्या अनेकवचनाची. 'बाबा आले', 'गुरुजी बोलले' हे आपल्या जिभेवर पक्कं बसलंय. म्हणून विद्यार्थी वडिलांसाठी येगाऽरोन लिहितात. स्पॅनिशमध्ये वडील एकच, क्रियापदही एकवचनी : मि पाऽद्रे येगोऽ. तिथं यात अनादर अजिबात नाही.

समोरच्याशी आदरानं बोलताना मात्र स्पॅनिश जे करते ते कोल्हापुरात वाढलेल्याला लगेच पटावं. गावाकडं आलेल्या माणसाला त्याच्याच तोंडावर विचारतात, "पाव्हणं कुठलं म्हणायचं?" हॉटेलात पोऱ्या विचारतो, "साहेब काय घेणार?" बोलतोय समोरच्याशी, क्रियापद मात्र तिसऱ्या माणसाचं. स्पॅनिशचं आदरार्थी उस्तेऽद् अगदी असंच चालतं. ते 'बुएऽस्त्रा मेर्सेऽद्', म्हणजे 'आपली कृपा', या जुन्या संबोधनाचं झिजलेलं रूप आहे, म्हणून त्याला 'तो/ती'चं क्रियापद लागतं. उस्तेऽद् कोमियोऽ म्हणजे 'आपण जेवलात', आणि नुसतं कोमियोऽ म्हणजे 'तो जेवला' किंवा 'ती जेवली' सुद्धा.

आणि जवळच्या माणसाला? तू. स्पॅनिशमध्येही तू. उच्चार तोच, अर्थ तोच, कारण दोन्ही भाषांची मुळं फार मागं एकाच घराण्यात जातात. हा एक शब्द मी कधीच पाठ करायला देत नाही.

तिसरी पायरी : प्रत्यय जोडा

आरवाले, उदाहरण आब्लाऽर, बोलणे :

यो (मी) : आब्लेऽ
तू : आब्लाऽस्ते
एल, एऽया, उस्तेऽद् (तो, ती, आपण) : आब्लोऽ
नोसोऽत्रोस (आम्ही) : आब्लाऽमोस
बोसोऽत्रोस (तुम्ही सगळे, मुख्यतः स्पेनमध्ये) : आब्लाऽस्तेइस
एऽयोस, उस्तेऽदेस (ते, तुम्ही सगळे) : आब्लाऽरोन

एरवाले, उदाहरण कोमेऽर :

यो : कोमीऽ
तू : कोमीऽस्ते
एल, एऽया, उस्तेऽद् : कोमियोऽ
नोसोऽत्रोस : कोमीऽमोस
बोसोऽत्रोस : कोमीऽस्तेइस
एऽयोस, उस्तेऽदेस : कोमिएऽरोन

ईरवाल्या बिबीऽरचं हुबेहूब हेच : बिबीऽ, बिबीऽस्ते, बिबियोऽ, बिबीऽमोस, बिबीऽस्तेइस, बिबिएऽरोन.

सर्वनाम बहुतेक वेळा गाळतात, आपण 'जेवलो' एवढंच म्हणतो तसं. आपल्या 'आम्ही' आणि 'आपण' या दोघांनाही तिकडं नोसोऽत्रोसच, त्यामुळं तिथं विचार करत बसू नका. बोसोऽत्रोसचं रूप लॅटिन अमेरिकेत वापरत नाहीत. मेक्सिकोशी व्यवहार असेल किंवा अर्जेंटिनाचं ऐकायचं असेल तर ते ओळखता आलं की पुरे, पाठ करायचे प्रत्यय पाचच उरतात. अर्जेंटिनात 'तू'ऐवजी 'बोस' म्हणतात, पण या काळात त्याचंही रूप तूचंच : बोस आब्लाऽस्ते.

तूच्या रूपाकडं जरा नीट बघा. मराठीत 'तो बोलला', पण 'तू बोललास'. तूची खूण म्हणजे तो 'स'. 'तू भाकरी खाल्लीस' मध्ये क्रियापद भाकरीकडं बघत असूनही शेवटी तूचा 'स' येतोच. आब्लाऽस्तेमध्येही 'स' आहे, म्हणून तो कानाला ओळखीचा वाटतो आणि चटकन लक्षात राहतो. यातच एक धोका आहे. आपला 'स' शेवटी असतो आणि त्यांचा मध्ये, म्हणून विद्यार्थी शेवटी अजून एक 'स' लावून 'आब्लाऽस्तेस' म्हणतात. गंमत म्हणजे कित्येक स्पॅनिश भाषकही बोलताना हेच करतात, कारण त्यांच्या बाकीच्या काळांत तूचं रूप 'स'नंच संपतं. लिखाणात आणि परीक्षेत ते चूक धरलं जातं. शेवट 'ते'नंच करायचा.

चौथी पायरी : जोर

या पायरीवर मी विद्यार्थ्यांना उभं राहून मोठ्यानं म्हणायला लावते. मराठीत शब्दाच्या कोणत्या अक्षरावर जोर दिला यानं अर्थ सहसा बदलत नाही, म्हणून आपल्या कानाला त्याकडं लक्ष द्यायची सवय नसते. स्पॅनिशमध्ये तीच सवय महागात पडते.

आऽब्लो : मी बोलतो.
आब्लोऽ : तो बोलला.

अक्षरं तीच. काळ बदलला आणि माणूसही बदलला. लिहिताना फरक एवढाच की दुसऱ्या शब्दात शेवटच्या ओच्या डोक्यावर उजवीकडं वर जाणारी छोटी तिरकी रेघ असते.

व्यवहारातलं उदाहरण देते. पागाऽर म्हणजे पैसे देणे. पागेऽ म्हणजे 'मी पैसे दिले'. तीच रेघ विसरून लिहिलं तर ते वाचलं जातं पाऽगे, आणि त्याचा अर्थ 'पैसे द्या'. आपण कळवायला बसलोय की रक्कम भरली, आणि समोरच्याच्या हाती जाते वसुलीची आज्ञा. म्हणून ज्यांना पत्रव्यवहार करायचाय त्यांनी फोनच्या कीबोर्डवर स्पॅनिश भाषा आजच चालू करून घ्या. स्वर दाबून धरला की रेघेचं अक्षर मिळतं.

रेघ कुठं द्यायची आणि कुठं नाही, हे पाठ करायची गरज नाही, त्यामागं साधा नियम आहे. स्पॅनिश शब्द स्वरावर, एनवर किंवा एसवर संपत असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो. आब्लाऽस्ते, आब्लाऽमोस, आब्लाऽरोन हे तिन्ही नियम पाळतात, म्हणून त्यांना रेघ नाही. 'मी' आणि 'तो'ची रूपं जोर शेवटी ढकलून नियम मोडतात, म्हणून रेघ लिहून वाचणाऱ्याला सांगावं लागतं. थोडक्यात, प्रत्येक संचात रेघ दोनदाच.

दुसरी एक जागा जिथं कान मदत करत नाही : आब्लाऽमोस म्हणजे 'आम्ही बोललो' आणि 'आम्ही बोलतो' सुद्धा. बिबीऽमोसचंही तसंच. फक्त एरवाल्यांत फरक दिसतो : कोमेऽमोस जेवतो, कोमीऽमोस जेवलो. म्हणून आरवाल्या आणि ईरवाल्यांबरोबर काळाचा शब्द जोडा. आयेऽर म्हणजे काल, आनोऽचे म्हणजे काल रात्री, ला सेमाऽना पासाऽदा म्हणजे गेल्या आठवड्यात, आऽसे दोस दीऽआस म्हणजे दोन दिवसांपूर्वी. 'रेसिबीऽमोस सु पेदीऽदो आयेऽर', आपली ऑर्डर काल मिळाली. आयेऽर घातलं की गोंधळाला जागा राहत नाही.

पाचवी पायरी : उच्चार तोच, स्पेलिंग बदलतं

देवनागरीत क हा क-च राहतो, पुढं कोणतीही मात्रा येऊ दे. रोमन लिपीत तसं नाही (अक्षरांची नावं इथं इंग्रजीतलीच घेते). सीपुढं ए किंवा ओ आला तर 'क', पण ई किंवा आय आला तर मऊ 'स'. आता बुस्काऽर, शोधणे, याचं 'मी'चं रूप ईनं संपतं. सी तसाच ठेवला तर 'बुसेऽ' असं वाचलं जाईल. 'क' टिकवायचा म्हणून सीच्या जागी क्यू आणि यू लिहितात : बुस्केऽ. पागाऽरमध्ये जीपुढं ई आला तर 'ह' होईल, म्हणून मध्ये मुका यू घालतात : पागेऽ. शेवटी झेड असलेल्यांत ईपुढं झेडऐवजी सी लिहायची रीत आहे : एम्पेसाऽर, सुरू करणे, त्याचं एम्पेसेऽ. उच्चारात कुठंच काही बदलत नाही, म्हणून मी यांना नियमितच मानते. बदल फक्त 'मी'च्या रूपात आहे : येगेऽ (पोचलो), हुगेऽ (खेळलो), तोकेऽ (वाजवलं), आल्मोर्सेऽ (दुपारचं जेवलो). बाकी रूपांना हात लावायचा नाही.

लेएऽर, वाचणे, हे जरा वेगळं. तिथं दोन स्वरांमध्ये सापडलेल्या आयचा वाय होतो : लेयोऽ, लेयेऽरोन. उरलेली रूपं लेईऽ, लेईऽस्ते, लेईऽमोस, आणि त्यांतल्या प्रत्येक आयवर रेघ.

वर्तमानकाळ शिकलेल्यांना एक चांगली बातमी. तिथं पेन्साऽरचं पिएऽन्सो आणि बोल्बेऽरचं बुएऽल्बो होताना तुम्ही वैतागला असाल. आरवाली आणि एरवाली ती स्वर फोडणारी क्रियापदं इथं गुमान सरळ चालतात : पेन्सेऽ, विचार केला; बोल्बीऽ, परत आलो. ईरवाल्यांत मात्र तो आणि ते यांच्या रूपांत थोडा बदल होतो. दोर्मीऽर, झोपणे : दोर्मीऽ, पण दुर्मियोऽ. पेदीऽर, मागणे : पेदीऽ, पण पिदियोऽ.

खरी अनियमित क्रियापदं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. सध्या फक्त एवढं ठेवा की 'जाणे' आणि 'असणे' या दोघांची या काळातली रूपं एकच आहेत : फुई, फुईऽस्ते, फुए, फुईऽमोस, फुएऽरोन.

मिसळ आवडली

दुसऱ्या पायरीत मी सांगितलं की वस्तूकडं बघू नका. आता एक जागा दाखवते जिथं मराठीची जुनी सवय जशीच्या तशी चालते आणि इंग्रजीतून स्पॅनिश शिकणारे तिथंच घाम गाळतात. मराठीत 'मी मिसळ आवडली' म्हणत नाहीत, 'मला मिसळ आवडली' म्हणतात. स्पॅनिशचं गुस्ताऽर अगदी असंच :

मे गुस्तोऽ ला मिसळ : मला मिसळ आवडली.
मे गुस्ताऽरोन लोस माऽंगोस : मला आंबे आवडले.

मे म्हणजे मला. क्रियापद आवडलेल्या वस्तूच्या वचनाप्रमाणं बदलतं, फक्त लिंगाप्रमाणं बदलत नाही. इथं मराठीवर विश्वास ठेवा, शब्दाला शब्द ठेवत जा.

सराव : तोंडानं, मग हातानं

पहिला सराव खेळाचा घ्या, कारण खेळाच्या बातम्यांत हा काळ वाक्यागणिक येतो. वर्ल्ड कप आला की आपल्या गल्ल्या ब्राझील आणि अर्जेंटिना अशा वाटल्या जातात. ब्राझीलची भाषा पोर्तुगीज, तिचे प्रत्यय वेगळे. अर्जेंटिनावाल्यांनी ही वाक्यं मोठ्यानं म्हणा.

एल 18 दे दिसिएऽम्ब्रे दे 2022 आर्हेन्तीऽना गानोऽ ला फिनाऽल : 18 डिसेंबर 2022 रोजी अर्जेंटिनानं अंतिम सामना जिंकला.
मेऽसी मार्कोऽ दोस गोऽलेस : मेस्सीनं दोन गोल केले.
मार्तीऽनेस आताहोऽ उन पेनाऽल : मार्टिनेझनं एक पेनल्टी अडवली.
फ्राऽंसिया पेर्दियोऽ : फ्रान्स हरला.

दुसरं वाक्य पुन्हा बघा. गोल दोन, मराठीत 'केले' अनेकवचनी, स्पॅनिशमध्ये मार्कोऽ एकवचनी, कारण मेस्सी एक. मग तीच वाक्यं शाहू स्टेडियमवर नेऊन बसवा. तुम्ही खेळला असाल तर हुगेऽ, मार्केऽ. तुमच्या तालमीनं जिंकली तर गानाऽमोस!

दुसरा सराव चरित्राचा. कोणाचंही आयुष्य सांगायला लागलं की हा काळ लागतो. आपल्याकडं त्यासाठी लांब जायला नको.

शाहू महाराज नासियोऽ एन 1874 : शाहू महाराज 1874 मध्ये जन्मले.
एन 1901 आब्रियोऽ ऊना रेसिदेऽन्सिया पारा एस्तुदियाऽन्तेस : 1901 मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडलं. हे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग.
एन 1902 रेसेर्बोऽ ला मिताऽद् दे लोस पुएऽस्तोस : 1902 मध्ये त्यांनी निम्म्या जागा राखून ठेवल्या.
मुरियोऽ एन 1922 : 1922 मध्ये निधन झालं.

इथं आदराचं अनेकवचन सोडताना जीभ अडखळेल, अडखळू द्या. शेवटच्या वाक्यातलं मोरीऽर हे दोर्मीऽरच्या जातीचं, म्हणून मुरियोऽ. 'निम्म्या जागा कोणासाठी' हे वाक्य पुढं वाढवून बघा, शब्दसंग्रह आपोआप वाढतो.

तिसरा सराव रोज झोपताना पाच वाक्यांचा. माझी कालची ही :

आयेऽर सालीऽ दे काऽसा आ लास सेइस : काल सहाला घरातून निघाले.
कामिनेऽ पोर एल लाऽगो : रंकाळ्याकाठी चालले.
देसायुनेऽ मिसळ : नाश्त्याला मिसळ खाल्ली.
त्राबाहेऽ ओऽचो ओऽरास : आठ तास काम केलं.
बोल्बीऽ ताऽर्दे : उशिरा परतले.

लिहून झालं की तीच पाच वाक्यं 'तो'साठी बदला : सालियोऽ, कामिनोऽ, देसायुनोऽ, त्राबाहोऽ, बोल्बियोऽ. मग 'ते'साठी. तक्ता घोकण्यापेक्षा हे फार लवकर भिनतं, कारण वाक्यं तुमच्याच दिवसातली असतात. नकार करायला क्रियापदाआधी नो ठेवा : नो कोमीऽ, जेवलो नाही. प्रश्नाला शब्दांचा क्रम बदलावा लागत नाही, आपल्यासारखा सूर वर न्यायचा. लिहिताना मात्र प्रश्नचिन्ह दोन्हीकडं लागतं, सुरुवातीचं उलटं.

आता ही सहा वाक्यं वहीत करा आणि मगच खाली बघा. एक, मी तीन पत्रं लिहिली. दोन, आजी बोलली. तीन, आम्ही काल गूळ विकला. चार, आपण पैसे दिलेत का? पाच, मला पांढरा रस्सा आवडला. सहा, दारातून : आई, मी आलो. (लिहिणे एस्क्रिबीऽर, विकणे बेंदेऽर, पत्र काऽर्ता, आजी आबुएऽला.)

उत्तरं. एक, एस्क्रिबीऽ त्रेस काऽर्तास. पत्रं तीन असली तरी लिहिणारा एक. दोन, ला आबुएऽला आब्लोऽ. तीन, बेंदीऽमोस गूळ आयेऽर. बेंदेऽमोस लिहिलं असेल तर तो वर्तमान झाला. चार, उस्तेऽद् पागोऽ? जोर पहिल्या अक्षरावर गेला तर पाऽगो, 'मी पैसे देतो'. पाच, मे गुस्तोऽ एल पांढरा रस्सा. सहा, मामाऽ, या येगेऽ. ब्यूनोस आयर्समध्ये तेच 'शा शेगेऽ' असं ऐकू येईल. मुलगा आला असो की मुलगी, शब्द हाच, आणि आतून आईचा प्रश्नही दोघांना एकच : कोमीऽस्ते?